कर्जतचा भात आणि ब्रह्मदेशाची वाटणी

गेल्या मार्गशीर्षांत एका घरगुती कामासाठीं चार दिवस कर्जतेकडे जाण्याचा योग आला. कर्जत हें नांव पुण्या-मुंबईच्या वाचकांस नवें नाहीं. घाट चढण्यापूर्वीं गाडी येथें थांबते, मागें जादा इंजिनें जोडलीं जातात आणि तेवढ्या अवधींत बहुतेक प्रवासी खिडकींतून हात काढून बटाटेवडे घेतात. पुष्कळांची कर्जतची ओळख एवढ्यावरच संपते. माझें आजोळ या तालुक्यांत उल्हास नदीच्या कांठीं असल्यामुळें माझी ओळख त्याहून थोडी जुनी आहे. तथापि या खेपेस तेथें जें पाहिलें व ऐकलें, त्यानें मला आजोळच्या बांधावरून थेट रंगूनपर्यंत आणि तेथून लंडनपर्यंत नेलें. तो सारा प्रवास वाचकांपुढें मांडावा असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

काम नाजूक होतें. माझे थोरले मामा आतां चौऱ्यायशीं वर्षांचे आहेत. धाकटे मामा पूर्वींच वारले. त्यांचा मुलगा ठाण्यास नोकरीला असतो. आजवर घर व शेती दोन्ही एकत्र होतीं; पण आतां वाटणी व्हावी असें या मामेभावाचें म्हणणें पडलें. भांडण असें नव्हतें. येणें-जाणें, सणवार, देवघर सारें पूर्वींप्रमाणेंच चालूं होतें. जमीन कोणाची किती हें एकदां कागदावर यावें, एवढीच मागणी होती. मी जन्मभर बँकेंत कागद लिहिण्याचेंच काम केलें. तेव्हां वाटणीपत्राचा मसुदा मीं करावा असें ठरलें. "तूं दोघांचाहि आहेस, ये," एवढेंच मामा फोनवर म्हणाले.

पुण्याहून सकाळच्या गाडीनें निघालों. खंडाळा सुटलें कीं बोरघाट लागतो. हा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. सदतीस फुटांस एक फूट असा त्याचा चढ आहे. बोगद्यामागून बोगदे येतात, मध्यें क्षणभर दरी दिसते, समोर राजमाचीचे दोन बालेकिल्ले उभे राहातात आणि पुन्हां अंधार होतो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल देशावर चढविणारी ही वाट रेल्वेपेक्षां फार जुनी आहे. वर कार्ल्याचीं व खालीं कोंडाण्याचीं लेणीं तिची साक्ष देतात. घाट उतरतां उतरतां देशावरची कोरडी थंडी मागें राहाते, हवेला ओल येते, आणि पळसदरीच्या पुढें गाडी सपाटीवर आली कीं दोन्ही बाजूंस भाताचीं खाचरें दिसूं लागतात. कापणी झालेली होती. खाचरांत तपकिरी खुंट उरले होते. खळ्याभोंवतीं भाऱ्यांच्या उडव्या रचल्या होत्या. कोठें झोडणी चालूं होती आणि साऱ्या हवेला पेंढ्याचा वास होता.

कोंकणची भातशेती ज्यांनीं जवळून पाहिली नाहीं, त्यांच्यासाठीं थोडें सांगावयास हवें. डोंगराच्या पायथ्यापासून नदीपर्यंत जमीन पायरीपायरीनें उतरत जाते. प्रत्येक पायरीस मातीचा बांध घालून आंत पावसाचें पाणी अडवितात, हेंच खाचर. वरच्या खाचराचें पाणी बांधाला ठेवलेल्या तोंडांतून खालच्यांत उतरतें, तेथून आणखी खालीं, असें करीत शेवटीं नदीस मिळतें. त्यामुळें वरच्याचा व खालच्याचा सातबारा निराळा असला तरी पाणी एकच असतें. वरच्यानें तोंड बुजविलें तर खालचें भात सुकतें. एकदम फोडलें तर रोपें वाहून जातात. हा व्यवहार सहसा कोठें लिहिलेला नसतो. तो शेजारधर्मावर चालतो आणि वाटणीच्या वेळीं नेमका तोच कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

भाताच्या बाबतींत कर्जतचा मान मोठा आहे. येथें १९१९ पासून भाताच्या संशोधनाचें केंद्र आहे. आतां तें दापोलीच्या कृषिविद्यापीठाकडे आहे. 'कर्जत-३', 'कर्जत-७', 'कर्जत-१८४' या नांवांच्या जाती आणि 'सह्याद्रि' हा संकरित भात येथूनच शेतकऱ्यांच्या हातीं गेले. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरांतून सुटणारें पाणी राजनाला कालव्यानें खालच्या गांवांस मिळतें व त्यावर उन्हाळी भातहि होतो. हें पाणी मूळचें घाटमाथ्यावरच्या आंध्रा नदीचें. स्वभावतः पूर्वसमुद्रास जावयाचें. माणसानें डोंगर पोखरून तें पश्चिमेस वळविलें. सरहद्द निसर्गाची असो वा माणसाची, ती ओलांडून देवघेव करण्याची युक्ति माणूस शोधतोच, असें त्या कालव्याकडे पाहून मनांत आलें.

घरीं पोंचलों तेव्हां मामा माजघरांत आरामखुर्चीवर बसले होते. चहापाणी झाल्यावर मीं जमिनीचा विषय काढला. पण त्यांनीं बोट वर करून छताची तुळई दाखविली.

"ही तुळई बघ. रंगूनचा साग आहे. तुझ्या पणजोबांनीं घर बांधलं तेव्हां मुंबईच्या लाकूडबाजारांतून घेतली, कर्जतेपर्यंत आगगाडीनं आणली आणि पुढं बैलगाडीनं. शंभर वर्षांवर झालीं, वाळवी लागली नाहीं." मग हंसून म्हणाले, "आणि त्याच रंगूनच्या तांदळानं आमच्या भाताचा भाव पाडला. तुझ्या आजोबांच्या कीर्दींत जागोजाग तेंच रडगाणं आहे."

आजच्या पिढीस याचें नवल वाटेल. पण ब्रह्मदेश हा एके काळीं हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. इंग्रजांनीं १८२६, १८५२ व १८८५ अशा तीन लढायांनीं तो गिळला आणि हिंदुस्थानच्या राज्यकारभाराला जोडून टाकला. तेथला शेवटचा राजा थिबा यास त्यांनीं रत्नागिरीस आणून ठेवलें व तो १९१६ सालीं तेथेंच वारला. आणि आपल्याकडून लोकमान्य टिळकांस १९०८ पासून १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगांत ठेवण्यांत आलें. ऐरावती नदीच्या मुखाकडील दलदल तोडून तेथें भाताचीं अफाट शेतें झालीं. त्यांत मद्रासकडील चेट्ट्यांचें भांडवल होतें आणि हिंदुस्थानांतून गेलेल्या लक्षावधि मजुरांचे श्रम होते. तिकडून तांदूळ, साग आणि रॉकेल यावें, इकडून कापड, कोळसा, लोखंड आणि तागाचीं पोतीं जावीं, असा हा व्यापार होता. ब्रह्मदेशाच्या निर्यातीपैकीं सुमारें निम्मी एकट्या हिंदुस्थानांत येई. दरसाल पंधरा लाख टनांच्या आसपास तांदूळ तेथून येत असे. आणि घरांतल्या घरांतली देवघेव असल्यामुळें मध्यें जकात नव्हती.

१९२९ नंतर जगभर मंदी आली आणि भाताचे भाव कोसळले. १९३५ मध्यें सरकारनें सयामसारख्या परदेशांतून येणाऱ्या कणीवर जकात बसविली. पण रंगूनच्या तांदळास हात लावतां येईना, कारण तो परदेशी नव्हता. कर्जत-नेरळच्या भातगिरण्यांतून मुंबईस जाणारा तांदूळ आणि रंगूनहून आगबोटीनें आलेला स्वस्त तांदूळ हे मुंबईच्या एकाच बाजारांत समोरासमोर उभे राहात.

"आमच्या कुळाचा मुलगा परळला गिरणींत होता," मामा सांगूं लागले. "मी तेव्हां जन्मलोंहि नव्हतों, बाबांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट. बाप इथं म्हणे, रंगूनच्या तांदळावर जकात बसली पाहिजे. मुलगा तिथं रंगूनचाच तांदूळ खाई. तो म्हणे, जकात बसली तर आम्ही खायचं काय? गणपतीला मुलगा घरीं आला कीं दोघांचा वाद. बाबा म्हणत, दोघांचंहि खरं आहे, हीच तर पंचाईत."

व्यापाराच्या अटींचें सारें मर्म या बापलेकांच्या वादांत आलें आहे असें मला वाटतें. वर्तमानपत्रांत आपण वाचतों कीं अमुक देशानें तमुक देशाकडून सवलत मिळविली. परंतु देश म्हणजे कांहीं एक मनुष्य नव्हे. त्यांत पिकविणारा असतो आणि विकत घेणाराहि असतो. आणि पुष्कळदां दोघे एकाच घरांत जेवतात.

पुढें ब्रह्मदेश वेगळा करावा असें इंग्रज सरकारच्या मनानें घेतलें. सायमन कमिशननें १९३० मध्यें तशी शिफारस केली. गंमत अशी कीं १९३२ च्या निवडणुकींत ब्रह्मी जनतेनें फुटून निघण्याविरुद्ध असलेल्या पक्षांनाच अधिक जागा दिल्या. त्यांचें हिंदुस्थानवर प्रेम होतें असें नव्हे. वेगळें काढून आपल्याला कमी प्रतीचे हक्क देतील अशी त्यांना धास्ती होती. हवें तेव्हां बाहेर पडण्याची मुभा ठेवून तूर्त आंत राहावें असें त्यांचें म्हणणें होतें; तें मान्य झालें नाहीं. अखेर १ एप्रिल १९३७ रोजीं ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला.

तारीख ठरली, नकाशाचा रंग बदलला. पण खरें काम पुढेंच होतें. सामाईक कर्जाचा वांटा किती, हें सांगण्यासाठीं अॅमरी यांच्या अध्यक्षतेखालीं १९३५ मध्यें लवाद नेमावा लागला होता. नोटांची व्यवस्था रिझर्व्ह बँकेनेंच दोघांसाठीं पहावी असें ठरलें. आणि व्यापाराचें काय? तेथें सरकारनें एक हुकूम काढून ठेवला कीं निदान तीन वर्षें सारें आहे तसेंच चालावें. कोणीं कोणाच्या मालावर नवी जकात बसवूं नये. एकाएकीं दोन्ही बाजूंचे लोक बुडूं नयेत हा हेतु चांगला होता. पण तीन वर्षांनीं काय, हें मात्र लिहिलें नव्हतें.

तीं तीन वर्षें सरलीं आणि खरी घासाघीस सुरू झाली. दरम्यान १९३८ मध्यें रंगूनला हिंदी लोकांविरुद्ध दंगे होऊन गेले होते. दोन्हीकडच्या शिष्टमंडळांनीं बोलून १९४१ च्या एप्रिलपासून नवा व्यापारी करार अंमलांत आणला. त्यामागोमाग त्याच वर्षीं माणसांच्या येण्याजाण्याचा करार झाला; हिंदुस्थानच्या वतीनें तो गिरिजाशंकर बाजपेयी यांनीं केला. हिंदी माणसांच्या प्रवेशावर त्यानें इतकीं बंधनें आलीं कीं इकडे मोठा गहजब उडाला. गांधीजींनींहि त्यावर टीका केली. माल हवा पण माणसें नकोत, अशी ती गोष्ट होती. ज्यांच्या श्रमानें तीं शेतें उभीं राहिलीं होतीं, त्या मजुरांना त्या बैठकींत खुर्ची नव्हती.

आणि इतकें करून त्या कराराचें काय झालें? डिसेंबर १९४१ मध्यें जपान युद्धांत उतरला; मार्च १९४२ मध्यें रंगून पडलें. चार-पांच लाख हिंदी माणसें, त्यांतलीं पुष्कळशीं पायीं, रानावनांतून आसाम-बंगालकडे निघालीं. किती वाटेंत मेलीं याची मोजदाद नाहीं. रंगूनचा तांदूळ एका फटक्यासरशीं बंद झाला. पुढच्याच वर्षीं बंगालमध्यें भीषण दुष्काळ पडला. त्याचीं कारणें अनेक होतीं, पण हा तुटवडा त्यांतलें एक होतें. मुंबईंतहि १९४३ मध्यें रेशनिंग सुरू झालें.

"मी दोन वर्षांचा होतों," मामा म्हणाले. "ज्या रंगूनच्या तांदळाला बाबा शिव्या देत, तो यायचा थांबला. भावाची आमची तक्रार मिटली. पण परळहून त्या मुलाचं पत्र आलं, दोन पायली तांदूळ कुणाबरोबर पाठवतां येतील का म्हणून. बाबा सांगत, तें पत्र वाचून त्याचा बाप बांधावर बसून राहिला. भाव चांगला आला होता, पण त्याला त्यांत गोडी राहिली नव्हती."

दुसऱ्या दिवशीं एका तुकड्याचा उतारा आणावयास मामेभावाबरोबर त्याच्या मोटारींतून खालापूरच्या तहसील कचेरींत गेलों. कर्जत-पळसदरीवरून रस्ता डोंगराच्या कुशींतून खोपोलीस जातो. खोपोलीस नाना फडणविसांनीं बांधविलेला तलाव व विरेश्वराचें देऊळ आहे. घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाटसरूंस पाणी मिळावें म्हणून एका कारभाऱ्यानें केलेली ही सोय पाहून समाधान वाटतें. येथेंच टाटांचें १९१५ सालचें वीजघर आहे व त्यांतून सुटलेल्या पाण्यानें पाताळगंगा बारमाही झाली आहे. पुढें महडच्या वरदविनायकाचें दर्शन घेऊन खालापूर गांठलें. याच तालुक्यांत उंबरखिंड आहे. १६६१ च्या फेब्रुवारींत शिवाजी महाराजांनीं कारतलबखानाची फौज तेथें अडविली आणि जवळचें सारें सामान टाकून देण्याच्या अटीवर त्याला सोडून दिलें. अटी घालावयाच्या त्या वाट आपल्या हातीं असतांना, हें या मुलखाला पूर्वींपासून ठाऊक आहे.

खालापूर हा पूर्वीं कर्जत तालुक्याचाच पेटा होता. आतां निराळा तालुका आहे. खुद्द कर्जत १८९१ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होतें, मग तें कुलाब्यांत घातलें आणि कुलाब्याचें १९८१ मध्यें रायगड झालें. कागदावर जिल्ह्याचें ठिकाण अलिबाग. पण कर्जतचा भात, दूध व नोकरदार माणूस आजहि गाडीनें कल्याण-मुंबईसच जातो. सरकारच्या शिक्क्यानें हद्द बदलते. बाजाराची वाट बदलत नाहीं.

कचेरींतलें काम आटोपून द्रुतगति मार्गाच्या टोलनाक्याजवळ चहाला थांबलों. मोटारींच्या रांगा नाक्याखालून सरकत होत्या. मामेभाऊ म्हणाला, "दादा, पूर्वीं मुंबईच्या वेशीवर जकातीसाठीं ट्रक रात्र-रात्र उभे असत, आठवतं?" आठवत होतें. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि ते जकातनाके उठले. नाके उठले म्हणजे काय होतें, हें आपण पाहिलें आहे. नाके नव्यानें बसले म्हणजे काय होतें, हें त्याच दिवशीं ऐकावयास मिळालें.

माझी भाची लंडनजवळ राहाते. तिच्या यजमानांचें हिंदी किराण्याचें दुकान आहे. वाटणीचें कुठवर आलें, हें विचारण्यासाठीं तिचा तेथें फोन आला. बोलतां बोलतां ब्रह्मदेशाची हकीकत तिला सांगितली. ती म्हणाली, "मामा, हें तर आमच्याच घरचं वाटतंय! पूर्वीं आमचा माल हॉलंडहून यायचा तो नाशिकहून मुंबईला यावा तसा. आतां एकेका खोक्यामागं कागदांची चळत."

ब्रिटननें १९७३ मध्यें युरोपच्या संघांत प्रवेश केला होता. २३ जून २०१६ रोजीं तेथील जनतेनें बाहेर पडण्याचा कौल दिला. प्रत्यक्ष बाहेर पडावयास ३१ जानेवारी २०२० उजाडली. पुढें अकरा महिने 'आहे तसेंच' चालविलें, आणि युरोपशीं व्यापाराचा करार झाला तो २४ डिसेंबर २०२० रोजीं, म्हणजे मुदत संपावयास अवघा आठवडा असतां. मालावर जकात नाहीं, पण तपासणी व दाखले आहेत; आणि आयर्लंडच्या सरहद्दीचा गुंता पुढेंहि कांहीं वर्षें सुटत नव्हता. स्वतंत्र झालेल्या ब्रिटनला जगांत नवे सोबती शोधणें भाग पडलें. त्यांतच हिंदुस्थानशीं बोलणीं १३ जानेवारी २०२२ रोजीं सुरू झालीं आणि २४ जुलै २०२५ रोजीं करारावर सह्या झाल्या. ज्या देशानें एके काळीं हिंदुस्थान व ब्रह्मदेश यांच्या देवघेवीच्या अटी ठरविल्या, त्यालाच आतां आपल्यासमोर बसून साडेतीन वर्षें घासाघीस करावी लागली! त्यांच्या व्हिस्कीवरची १५० टक्के जकात आधीं ७५ वर व दहा वर्षांत ४० वर आणण्याचें आपण कबूल केलें. आपल्या बहुतेक साऱ्या मालास तेथें जकात माफ व्हावी असें ठरलें. दूधदुभतें मात्र आपण कराराबाहेर ठेवलें, कारण आपल्याकडे दोन म्हशींवर संसार चालविणारीं घरें लक्षावधि आहेत. तेथें कांहीं काळापुरता कामास जाणाऱ्या आपल्या माणसांना दोन्हीकडे विम्याची वर्गणी भरावी लागूं नये, हेंहि मागून घेतलें. म्हणजे या वेळीं मालाबरोबर माणसांचाहि विचार झाला. १९४१ पेक्षां हें खचितच बरें.

संध्याकाळीं घरीं आलों आणि मसुदा लिहावयास बसलों. वाटणी सोपी होती. डोंगराकडचीं वरचीं खाचरें मामेभावाकडे, घराजवळचीं मधलीं मामांकडे. दोन ओळींत काम झालें. मामेभाऊ म्हणाला, "झालं तर मग. उद्यां कर्जतेस जाऊन नोंदवूं." त्याच्या मनांत वरची जमीन बंगला बांधणाऱ्या एका गिऱ्हाइकास द्यावयाची होती, हें त्यानें लपविलें नव्हतें.

इतका वेळ गप्प बसलेल्या मामी तेव्हां म्हणाल्या, "आणि पाणी?"

सारे त्यांच्याकडे पाहूं लागले. त्या पुढें म्हणाल्या, "वर बंगला झाला, भिंत आली, कीं बांधाचं तोंड बुजलंच. आमच्या खाचरांत पाणी कुठून यायचं? आणि आमच्याहि खालीं त्यांचीं आहेत, त्यांना कुणी विचारलंय?"

'त्यांचीं' म्हणजे त्याच जुन्या कुळाचीं. कुळकायद्यानें खालचीं चार खाचरें त्यांच्या मालकीचीं झालीं. गिरणींत गेलेल्या त्या मुलाचा पुतण्या आज तीं कसतो. वाटणी आमची होती; पण पाणी त्याचेंहि होतें आणि आमच्या बैठकींत त्याला खुर्ची नव्हती. कालपासून मी रंगूनच्या मजुरांची कींव करीत होतों; घरच्या बांधाखालचा माणूस मात्र मला दिसला नव्हता. मला मनापासून लाज वाटली.

मीं मसुदा पुन्हां लिहिला. पाण्याचें तोंड पूर्वींच्या जागींच राहील; पहिल्या पावसानंतर तें केव्हां व किती उघडावें, तें ठरविलें. विहीर, खळें व बांधावरची पायवाट सामाईक ठेविली. जमीन पुढें कोणालाहि विकली तरी हीं कलमें घेणारास बांधून राहातील, हें स्पष्ट लिहिलें. तीन वर्षें आहे तसेंच चालवावें असेंहि कलम घातलें; पण रंगूनचा धडा ताजा असल्यामुळें तीन वर्षांनंतर काय करावयाचें, तें त्याच कागदांत लिहून टाकलें.

मामेभावास हें रुचलें नाहीं. "दादा, असलीं कलमें पाहून गिऱ्हाईक भाव पाडणार. तोटा एकट्याला माझा," तो म्हणाला आणि त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. रात्रीं तो फारसें बोलला नाहीं. सकाळीं मात्र स्वतःच खालच्या घरीं जाऊन त्या शेतकऱ्यास घेऊन आला. म्हणाला, "पाणी मी देईन. पण वरचा बांध दरसाल फुटतो. त्याची डागडुजी आजवर आमच्या बाजूनंच होत आली. पाणी तिघांचं, तर बांधहि तिघांनीं धरावा."

तो शेतकरी ओटीवर उभा होता. मामांनीं त्याला आंत येऊन बसावयास सांगितलें. तो थोडा विचार करून म्हणाला, "वर्षाला दोन दिवस दोन माणसं मी देईन. पर कागदावर माझंबी नांव पायजे." त्याप्रमाणें त्याचें नांव लिहिलें. वाटणीच्या दोन ओळी, आणि पाण्याचीं व वाटेचीं तीन पानें, असा तो विचित्र मसुदा तयार झाला. तिसऱ्या दिवशीं कर्जतेस दुय्यम निबंधकांपुढें सह्या झाल्या. मामेभावास भाव कांहींसा कमी येईल. तें त्यानें जाणून पत्करलें.

ब्रह्मदेशाच्या सामाईक कर्जाचा हिशोब मात्र १९३७ नंतर लवकर मिटला नाहीं. पुढें दोन्ही देश स्वतंत्र झाले आणि १९५४ मध्यें त्याची तडजोड झाली ती तांदळाच्या खरेदीच्या सौद्याबरोबरच. घर फुटो वा राज्य फुटो, शेवटीं भाताशींच येऊन थांबावें लागतें, असें दिसतें. वेगळें होण्याचा हक्क प्रत्येकास आहे. त्याबद्दल कोणीं कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु वेगळें झाल्यानेंहि शेजार सुटत नाहीं. म्हणून भिंत घालण्यापूर्वीं पाण्याचें तोंड कोठें ठेवावयाचें तें ठरवावें, आणि ठरवितांना सर्वांत खालचें खाचर कोणाचें, हें आधीं विचारावें.

चौथ्या दिवशीं परतलों. मामींनीं नव्या तांदळाची पिशवी बरोबर दिली. कर्जतेच्या फलाटावर गाडीला मागून इंजिनें जोडलीं जात होतीं. खालीं वळून पाहिलें तर उन्हांत खाचरांच्या पायऱ्या नदीपर्यंत उतरत गेलेल्या दिसल्या. कोणती कोणाची, हें तेथून कांहींच कळत नव्हतें.